जुने गँगस्टरपट कानांनी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "हॉलिवूडचे १९३०च्या आसपासचे गँगस्टरपट आजही एवढे थोर का मानले जातात? मी ‘लिटल सीझर’ लावला आणि अर्ध्यात सोडला. अभिनय नाटकी वाटला, गोळीबारसुद्धा धड दिसत नाही. माझं काही चुकतंय का? आणि पाहायचेच तर सुरुवात कुठून करू?"

चुकलं काहीच नाही. ‘लिटल सीझर’चा मधला भाग आज रेंगाळतो, हे मलाही मान्य आहे. पण ‘गोळीबार धड दिसत नाही’ ही जी तक्रार तुम्ही केलीत ना, नेमकं तिथंच या चित्रपटांचं मर्म आहे. मी गेली २८ वर्षं चित्रपटांचा साऊंड करतो. एडिटिंग, फोली (पावलं, दारं असे आवाज स्टुडिओत करून चित्रपटात भरणं), मिक्सिंग, सगळं केलंय. त्यामुळे माझं उत्तर कानाच्या बाजूनं येणार. माझं ठाम मत आहे की हॉलिवूडचा गँगस्टर मायक्रोफोनच्या पोटी जन्माला आला, आणि ९० वर्षांनंतरही तो टिकून आहे तो त्याच्या आवाजावर.

गुंड पडद्यावर त्याआधी नव्हते असं नाही. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं १९१२ साली ‘द मस्केटीअर्स ऑफ पिग ॲली’ या छोट्या मूकपटात न्यूयॉर्कच्या गल्लीबोळातली टोळी दाखवली होती. १९२७ साली जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘अंडरवर्ल्ड’ आला. त्याची कथा बेन हेक्टची. हा शिकागोत बातमीदारी केलेला माणूस, आणि या कथेला पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट सुंदर आहेत. पण गँगस्टर हा बोलून दरारा बसवणारा माणूस. तो धमकी देतो, सौदा करतो, बढाई मारतो, फोनवर हुकूम सोडतो. मूकपटात त्याचं अर्धं बळ काढून घेतल्यासारखं होतं.

मग १९२८च्या जुलैमध्ये वॉर्नर ब्रदर्सनं ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ काढला. हॉलिवूडचा पहिला संपूर्ण बोलणारा कथापट, आणि तो गुंडांचा! ५७ मिनिटांचा हा चित्रपट पाहवत नाही, खरं सांगतो. मायक्रोफोन एका जागी लपवलेला, त्यामुळे पात्रं त्याच्याजवळ येऊन उभी राहतात आणि मग बोलतात. टोळीचा म्होरक्या एकाचा काटा काढायला सांगतो ते वाक्य एकेक शब्द सुटा करून, मधे श्वास घेत. विद्यार्थ्यांना मी त्यातली दोनच मिनिटं दाखवतो आणि लगेच तीन वर्षांनंतरचा, ‘द पब्लिक एनिमी’मधला जेम्स कॅग्नी लावतो. तीन वर्षांत काय झालं ते मग मला तोंडानं सांगावं लागत नाही.

ती तीन वर्षं म्हणजे १९२८ ते १९३१. जानेवारी १९३१मध्ये मर्विन लरॉयचा ‘लिटल सीझर’, एप्रिलमध्ये विल्यम वेलमनचा ‘द पब्लिक एनिमी’. हॉवर्ड हॉक्सचा ‘स्कारफेस’ही १९३१मध्येच तयार झाला होता, पण सेन्सॉरशी झटापट होऊन पडद्यावर यायला १९३२ उजाडलं. बाहेर काय चाललं होतं ते ठाऊक असेलच. जानेवारी १९२०पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी होती, ती उठली डिसेंबर १९३३मध्ये. १९२९च्या फेब्रुवारीत शिकागोत व्हॅलेंटाइन डेला सात माणसांना भिंतीपाशी उभं करून मारलं गेलं, ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, आणि १९३१ साली शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला शिक्षा झाली ती कर चुकवल्याबद्दल. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाची नोकरी गेलेली होती आणि पेपरात रोज या टोळ्यांच्या बातम्या होत्या. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मुंबई इलाख्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला, त्यानंतर हातभट्टी आणि गुत्ते कसे फोफावले ते माझ्या वडिलांच्या पिढीनं पाहिलं. हॉटेलच्या पाटीवरचं ‘परमिट रूम’ अजून त्याच कायद्याची आठवण सांगतं. कायद्यानं बाटली बंद केली की ती पोचवणारा माणूस मोठा होतो, हे मुंबईकराला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता गोळीबार न दिसण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी ‘द पब्लिक एनिमी’ लावला. सभागृहातले स्पीकर सुमार, मुलं वीस-बावीस वर्षांची. पहिल्या दहा मिनिटांतच हशा सुरू झाला. मी चित्रपट थांबवला, पुढे सरकवला आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर रुमाल टाकला. म्हटलं, आता फक्त ऐका.

तो प्रसंग पटी नोज नावाच्या माणसाचा. टॉम पॉवर्स (म्हणजे कॅग्नी) आणि त्याचा मित्र मॅट यांना पोरवयात यानंच चोरीला लावलेलं आणि ऐन वेळी वाऱ्यावर सोडलेलं. कित्येक वर्षांनी तो दोघांच्या हाती लागतो. ट्रॅकवर आधी त्याची गयावया ऐकू येते. मग तो जुन्या दिवसांची आठवण काढतो, तुम्ही लहान असताना मी तुम्हाला गाणं म्हणून दाखवायचो ना, म्हणतो आणि पियानोवर बसून तेच चावट गाणं म्हणायला लागतो. आवाज कापरा, पण बोटं सवयीनं चाललेली. आणि गाण्याच्या मध्येच बार. पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी जड आदळतं, एकदम सगळे बेसूर सूर उठतात, आणि शांतता.

सभागृहात कुणी हसलं नाही. मग रुमाल काढून तोच प्रसंग पुन्हा दाखवला. टॉम पिस्तूल काढतो आणि त्याच क्षणी कॅमेरा हळूच बाजूला वळतो, दाराशी उभ्या असलेल्या मॅटवर जाऊन थांबतो. खून आपल्याला दिसतच नाही. मॅटचा चेहरा दिसतो, तो बघतोय ते आपण ऐकतो. मग टॉम फ्रेममध्ये येतो आणि आता एका बाईला फोन करावा म्हणतो, अगदी सहज, दुकानातून काडेपेटी घेऊन बाहेर पडल्यासारखा. एका मुलीनं विचारलं, "सर, मग खून दिसला असं मला मघाशी का वाटलं?" मी ज्या कामाला आयुष्य दिलं, त्याचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

याच चित्रपटात पुढे टॉम भर पावसात दोन पिस्तुलं घेऊन शत्रूच्या अड्ड्यात एकटा शिरतो. कॅमेरा बाहेर रस्त्यावरच. आतून बार ऐकू येतात, किंकाळ्या येतात, पाऊस एकसारखा पडत राहतो. मग तो झोकांड्या खात बाहेर येतो, फुटपाथच्या कडेला कोसळतो आणि स्वतःलाच सांगतो की आपण काही तेवढे जबर नाही. आज हा प्रसंग माझ्याकडे आला तर निर्माता पहिल्यांदा विचारेल, म्युझिक कुठलं टाकायचं? ‘द पब्लिक एनिमी’त पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. जे वाजतं ते पात्रांच्या जगातलं: क्लबातला बँड, घरातला ग्रामोफोन, पियानो. प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे व्हायोलिन सांगत नाही. पाऊस फक्त पडतो.

न दाखवण्यामागे सेन्सॉरची धास्ती होती, हे खरंच आहे. पण धास्तीतून पळवाट निघते तशी कलाही निघते, आणि इथे ती निघाली.

अभिनय नाटकी वाटतो म्हणालात. त्या काळच्या रंगभूमीवरून आलेले बरेच नट घोटीव, इंग्लंडकडे झुकणाऱ्या उच्चारांत बोलायचे. त्यांच्या शेजारी कॅग्नी ऐका. जन्म १८९९चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा. बाप आयरिश वंशाचा, दारूच्या गुत्त्यावर काम करणारा. पोरगा रस्त्यावर यिद्दिश ही ज्यूंची बोलीसुद्धा शिकला आणि नंतर व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत, नाचला. त्याच्या बोलण्यात नाचणाऱ्याचा ठेका आहे. वाक्य कुठे तोडायचं, कुठे दोन शब्द एकात कोंबायचे, हे तो पायानं ठरवतो असं वाटतं. आणि गंमत म्हणजे टॉमची भूमिका त्याची नव्हतीच. सुरुवातीला तो मॅट होता आणि एडवर्ड वुड्स टॉम. काही दिवसांचं शूटिंग झाल्यावर वेलमननं दोघांची अदलाबदल केली. कुणीतरी वेळीच नीट ऐकलं, एवढंच मी म्हणेन.

‘लिटल सीझर’चा नायक एडवर्ड जी. रॉबिन्सन मूळचा इमॅन्युएल गोल्डनबर्ग, बुखारेस्टमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. ‘स्कारफेस’चा नायक पॉल म्युनी आजच्या युक्रेनमधल्या लेम्बर्गचा, यिद्दिश रंगभूमीवर वाढलेला. स्थलांतरितांच्या वस्तीतले हे कान. एरवी हॉलिवूडला जे उच्चार नको असायचे, तेच या चित्रपटांत मध्यभागी आले. प्रेक्षकांतल्या कितीतरी लोकांनी आपल्या गल्लीची बोली पडद्यावरून अशी पहिल्यांदाच ऐकली असणार.

आता तुम्ही अर्ध्यात सोडलेल्या ‘लिटल सीझर’कडे येतो, कारण तुम्ही शेवट पाहिला नाहीत आणि तो चुकवू नये. सुरुवात आठवा. रात्र, पेट्रोलपंप, कॅमेरा लांब. गाडी थांबते, आतले दिवे जातात, बार ऐकू येतात, गाडी निघून जाते. खुनी कोण ते पुढच्या प्रसंगात कळतं: खानावळीत शिरून हा बुटका माणूस सगळ्यात आधी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे करतो, आणि मग स्पॅगेटी मागवतो. या रिकोला दारूत रस नाही, बायकांत नाही. त्याला फक्त ‘कुणीतरी’ व्हायचंय. पिस्तूल झाडताना रॉबिन्सनच्या पापण्या मिटायच्या, म्हणून त्या चिकटपट्टीनं वर धरून ठेवाव्या लागल्या, असा किस्सा प्रसिद्ध आहे. घरी तो चित्रं जमवणारा रसिक माणूस होता.

शेवटाकडे रिकोचं साम्राज्य गेलंय, दाढी वाढलीय, तो एका भिकार धर्मशाळेवजा जागेत दारू पिऊन पडलाय. पोलीस अधिकारी फ्लॅहर्टी मुद्दाम पेपरात छापून आणतो की रिको पळपुटा आहे. शेजारचे लोक ते मोठ्यानं वाचतात आणि रिकोच्या कानावर पडतं. त्याला ते सहन होत नाही. तो उठतो आणि फ्लॅहर्टीला फोन करून शिव्या घालतो. तेवढ्यात फोन कुठून आला ते शोधलं जातं. गप्प बसला असता तर वाचला असता, पण ज्या तोंडानं तो वर आला त्याच तोंडानं खाली गेला. गोळ्या लागतात तेव्हा तो एका मोठ्या जाहिरातफलकाच्या आड असतो, आणि फलकावर नाचगाण्याच्या कार्यक्रमात नाव कमावलेला त्याचाच जुना मित्र झळकतोय. मरताना रिको स्वतःचं नाव घेऊन विचारतो, हा रिकोचा शेवट का? ‘माझा’ म्हणत नाही. नाव मोठं करण्यात माणूस इतका हरवलाय की मरणसुद्धा नावालाच येतं.

‘स्कारफेस’ तिघांत सर्वांत देखणा. ली गार्म्सचं छायाचित्रण, बेन हेक्टची पटकथा. पहिलाच शॉट लांबलचक: पार्टी संपलेली, कॅमेरा फिरत राहतो, आणि एक सावली शीळ घालत येते. शीळ कसली, तर ‘लुचिया दि लामेरमूर’ या दोनिझेत्तीच्या ऑपेरातली. मग गोळ्या. पुढे चित्रपटभर ती शीळ आली की पोटात गोळा येतो. बोलिंगच्या खेळातला खून बघा. बोरिस कार्लॉफ चेंडू सोडतो, मागून बार होतो, पण आपण चेंडूबरोबर पुढे गेलेले असतो. सगळ्या पिन पडतात, एक उरते. ती स्वतःभोवती डोलते, डोलते आणि मग आडवी होते. मेलेला माणूस दाखवायची गरजच उरत नाही.

खिडकीतून टोनीला (म्हणजे म्युनीला) दिसणारी विजेच्या दिव्यांची जाहिरात म्हणते, जग तुमचं आहे. ‘अंडरवर्ल्ड’मध्ये अशीच एक पाटी होती, तिथे फक्त शहर तुमचं होतं. पाच वर्षांत हाव शहरावरून जगावर गेली. सेन्सॉरच्या दडपणाखाली निर्माता हॉवर्ड ह्यूजला उपशीर्षक जोडावं लागलं, भाषणबाजीचा एक प्रसंग घालावा लागला आणि टोनीला फाशी होते असा दुसरा शेवटही तयार करावा लागला. त्यासाठी म्युनी हाताशी नव्हता, म्हणून तो टोनीचा चेहरा न दाखवता उरकला आहे. तो भाषणाचा प्रसंग आजही चित्रपटात खड्यासारखा लागतो.

जे टिकलं नाही तेही सांगतो. म्युनीचे इटालियन हेल काही ठिकाणी नकलेच्या पातळीवर उतरतात. बायकांना तर या चित्रपटांत फार थोडं दिलंय. कॅग्नी माई क्लार्कच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबतो तो प्रसंग जगभर गाजला, पण मला तो आजही बघवत नाही. त्यातलं हसू गेलंय, क्रूरपणा तेवढा राहिलाय.

पण त्याच चित्रपटातलं जेवणाचं टेबल मी कितीही वेळा पाहू शकतो. थोरला भाऊ माइक युद्धावरून परतलाय. स्वागताला टॉम आणि मॅटनं बिअरचं अख्खं पिंप आणून टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवलंय. एवढं मोठं, की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. आई ताटं वाढतेय, कुणी बोलत नाही. काट्या-चमच्यांचे आवाज ऐका तिथे. मग माइक भडकतो: या पिंपात नुसती बिअर नाही, रक्त आहे. आणि टॉम उलट फेकतो, तुझे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? ती पदकं काय जर्मनांचा हात धरून मिळवलीस? हा प्रश्न चित्रपट मिटवत नाही. दोन भाऊ आणि मधे आई ही मांडणी आपण १९७५ साली ‘दीवार’मध्ये जिवाचा कान करून ऐकली, म्हणून हे टेबल आपल्याला परकं वाटणार नाही. गुन्हेगाराला या टेबलापाशी घरचा माणूस म्हणून बसवलं, त्यामुळे त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. आकर्षण आहे ते याचं.

१९३४च्या जुलैपासून प्रॉडक्शन कोड, म्हणजे काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली, कडक झाला आणि हे पर्व संपलं. १९३५मध्ये तोच कॅग्नी ‘जी-मेन’मध्ये सरकारच्या बाजूनं बंदूक धरून उभा राहिला. तरी दोन प्रसंग सांगायलाच हवेत. ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’मध्ये (१९३८) फाशीऐवजी विजेची खुर्ची आहे. पाद्री झालेला बालमित्र गुंड रॉकीला (म्हणजे कॅग्नीला) विनवतो, भेकडासारखा मर, म्हणजे तुला देव मानणारी पोरं भानावर येतील. रॉकी नकार देतो. मग आपल्याला भिंतीवर सावल्या दिसतात, नळाला घट्ट धरलेले हात दिसतात आणि त्याचं रडणं-ओरडणं ऐकू येतं. तो खरंच घाबरला की मित्राचा शब्द राखला? अख्ख्या चित्रपटाचा निकाल एका आवाजावर टांगलाय. ‘व्हाइट हीट’मध्ये (१९४९) तुरुंगातल्या जेवणघरात कोडी जॅरेट आईची खबर विचारतो. प्रश्न कानोकान रांगेतून पुढे जातो, उत्तर तसंच कानोकान मागे येतं. आई गेली. मग कॅग्नीच्या गळ्यातून जे निघतं, ते माझ्याकडच्या कुठल्याच साऊंड लायब्ररीत नाही.

तर सुरुवात ‘द पब्लिक एनिमी’पासून करा, मग ‘स्कारफेस’, आणि कान तयार झाल्यावर ‘लिटल सीझर’कडे परत या; तो जेमतेम ७९ मिनिटांचा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका, हेडफोन लावा. पहिल्या खेपेला सबटायटल्स चालतील, दुसऱ्यांदा बंद करा.

आणि ‘द पब्लिक एनिमी’चं शेवटचं दृश्य दोनदा लावा. टॉमला घरी आणतायत असा फोन आलाय. खाली ग्रामोफोनवर ‘आय ॲम फॉरेव्हर ब्लोइंग बबल्स’ वाजतंय. वर आई गुणगुणत त्याचा बिछाना घालतेय. दार वाजतं. माइक दार उघडतो, तर ब्लँकेट आणि दोरांत गुंडाळलेलं शरीर क्षणभर उभं राहतं आणि सरळ तोंडावर पडतं. दुसऱ्या खेपेला इथे डोळे मिटून घ्या. तबकडी संपते, सुई शेवटच्या खाचेत टकटक करत राहते, आणि वरच्या मजल्यावर आईला अजून काहीच कळलेलं नाही.